तपसी म्हणा, वावळा म्हणा

आमच्या भागात माणसाला दोन भाषा लागतात, तशी झाडालाही दोन नावं लागतात. बेळगावात वडिलांची लाकडाची वखार होती, तिथे मी हे अगदी लहानपणी शिकलो. वडिलांच्या खतावणीत 'ऐन' लिहिलेलं असे, आणि ओंडके उतरवणारे हमाल त्यालाच 'मत्ती' म्हणत. नाणा म्हणजे नंदी, बिबळा म्हणजे होन्ने, शिसव म्हणजे बीटे. गिऱ्हाईक ज्या भाषेत विचारेल त्या भाषेत लाकूड दाखवायचं, एवढाच वखारीचा नियम. भाषा बदलली म्हणून भाव बदलत नसे.

या नावांच्या यादीत एक नाव मात्र असं होतं, की ज्याला दोन्ही भाषांत भावच नव्हता. मराठीत वावळा, कन्नडात तपसी. डेपोतून आलेल्या ट्रकमध्ये चुकून त्याचा एखादा ओंडका निघाला, तर वडील पुढे 'जंगलवूड' एवढंच लिहीत. ज्याला वेगळं नाव लिहिण्याची गरज वाटत नाही, ते सगळं या एका शब्दात जाई आणि शेवटी विटभट्टीवर नाहीतर कोळशाला जाई.

झाड तुम्ही पाहिलेलं आहेच. नाव कदाचित माहीत नसेल. उंच, सरळ, राखी सालीचं. जुन्या खोडावरची साल खपल्यांनी सुटते. थंडी सरता सरता पानं झडतात, उघड्या फांद्यांवर हिरवट बारीक फुलं येतात, आणि मग फिकट हिरव्या, चपट्या, गोल पंखांच्या बियांचे घोस लागतात. उन्हाळ्यात त्या वाळल्या की वाऱ्याबरोबर गल्लीभर उडतात. पान चुरगळलं तर वास वाईट येतो. पुण्यात रस्त्याकडेला हे झाड पुष्कळ आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडची आपली माणसं याला चिरोल किंवा चिलबिल म्हणतात, बडोद्याकडची कणजो किंवा चरेल. आयुर्वेदात ते चिरबिल्व आहे, आणि मूळव्याधीवरच्या चिरबिल्वादि काढ्यात त्याची साल पडते. म्हणजे वैद्याने त्याला विचारलं, पोरांनी त्याच्या बिया सोलून खाल्ल्या. सुताराने तेवढं विचारलं नाही.

या झाडाचं नातं कुणाशी आहे हे मला फार उशिरा कळलं. अठराव्या शतकाच्या अखेरीला कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींची नोंद करताना विल्यम रॉक्सबर्गने याला थेट एल्मच्याच गोत्रात घातलं होतं. पुढे 1848 साली प्लँशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला वेगळं घर दिलं आणि 'होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया' असं नाव ठेवलं. त्यातलं 'प्टेलिया' म्हणजे ग्रीक भाषेतला एल्मच. खऱ्या एल्मच्या पानाला करवतीसारखे दाते असतात, आमच्या वावळ्याच्या पानाची कड अखंड असते. 'इंटेग्रिफोलिया'चा अर्थ तेवढाच. दोघांचं कुळ मात्र एक. म्हणून इंग्रजी पुस्तकांत वावळ्याला 'इंडियन एल्म' म्हणतात. शाळेत असताना इंग्रजी धड्यातला हा एल्म कोशात शोधला की 'एक प्रकारचे झाड' एवढंच सापडायचं. तो एक प्रकार आमच्या कुंपणाला टेकून उभा होता!

एल्म इंग्रजांच्या घरात कुठे कुठे होता हे वाचलं की नवल वाटतं. गाडीच्या चाकाचा तुंबा एल्मचा, आरे ओकचे आणि पाटे ॲशचे, अशी त्यांच्या सुतारांची रीत होती. लंडनला पाणी पुरवणारी न्यू रिव्हर 1613 साली सुरू झाली, तिचे नळ म्हणजे आरपार पोखरलेले एल्मचे ओंडके. जहाजाचा तळचा कणा एल्मचा, गरिबाची शवपेटी एल्मची, आणि विंडसर खुर्चीची बैठकही एल्मची.

यातली खुर्ची मी लहानपणी पाहिली आहे. कॅम्पमधल्या एका बंगल्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा वडिलांनी ती आणली होती. वखारीत गल्ल्याजवळ ती असायची. बैठक एका जाड फळीची, माणूस बसून बसून खोलगट झाल्यासारखी कोरलेली. पाय खालून आणि पाठीच्या काड्या वरून, थेट भोकांत ठोकलेल्या. फळीवर नागमोडी बारीक रेघांची नक्षी होती, तित्तिराच्या छातीवर असते तशी. वखारीतल्या कुणालाच ते लाकूड ओळखता आलं नव्हतं. ती नक्षी एल्मची खूण आहे हे मी नोकरीला लागल्यावर वाचलं.

आमच्या वखारीला लागूनच एका मिस्त्रींचं दुकान होतं. घरात ते कन्नड बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी आणि लाकडाशी दोन्ही. लहान-मोठे सगळे त्यांना अण्णाच म्हणत. त्या खुर्चीकडे बघून ते म्हणायचे, "कडेला इतकी भोकं पाडलीत, वर पाय ठोकून बसवलेत. सागाची फळी असती तर कवाच चीर गेली असती. ह्याच्या पोटात पीळ हाय."

पोटातला पीळ म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक झाडांत लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीला सरळ धावतात. कुऱ्हाडीचा घाव घातला की चीर त्या तंतूंच्या मधून वाट काढत जाते आणि ढलपी सुटते. काही झाडांत मात्र काही वर्षांचे तंतू किंचित उजवीकडे कलून वाढतात, पुढच्या काही वर्षांचे डावीकडे. असे थरावर थर बसत जातात. चीर एका थरात शिरली की पुढच्या थरात तिला आडवे तंतू लागतात आणि ती तिथेच अडते. एल्मचं मोठेपण यातच आहे. तुंब्यात डझनभर आरे ठोकले तरी तो फुटत नाही, नळ पोखरला तरी उभा चिरत नाही. आपल्याकडे तुंब्याचं हे काम बाभळीने केलं.

ज्या गुणामुळे तो फुटत नाही, त्याच गुणामुळे तो सुताराला छळतोही. रंधा एका थरावर गुळगुळीत जातो आणि दुसऱ्या थरावर तंतू उसवतो. वाळताना फळी पिळते, वाकते. जमिनीत पुरला तर कुजतो. कायम पाण्याखाली मात्र टिकतो, कारण कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि तिथे ती मिळत नाही. ओलं-सुकं आलटून पालटून झालं की संपलं.

वावळ्याचा पीळ एल्मइतका घट्ट नाही, उथळ आहे. पण तो आहे. लाकूड पिवळसर, राखाडीकडे झुकणारं. घनफुटाला साधारण 17-18 किलो, म्हणजे सागापेक्षा जरासंच हलकं. मध्यम कठीण आणि बऱ्यापैकी ताकदवान. जुन्या वनखात्याच्या पुस्तकांत ते घरबांधणीला, गाड्यांना, कोरीव कामाला वापरल्याच्या नोंदी आहेत. आता खोकी, स्वस्त फर्निचर, आगपेट्या आणि कोळसा. त्याचं मोठं उणं एकच. त्याला गाभा नाही. सागाच्या ओंडक्यात बाहेरचं पांढरं कच्चं लाकूड वेगळं आणि आतला तेलकट पक्का गाभा वेगळा दिसतो. गाभ्यात झाडाने स्वतःच किडीला मारणारी द्रव्यं साठवलेली असतात. वावळा आतबाहेर एकाच रंगाचा. खोडभर गोडवा, त्यामुळे तोडून सालीसकट पावसात टाकला की आठ-पंधरा दिवसांत निळी-काळी बुरशी धरते, भुंगेरे शिरतात आणि पीठ पडू लागतं. मग आपण म्हणतो, लाकूड वाईट!

एल्मबद्दलही इंग्लंडात असंच म्हणत. फर्निचरवाले त्याला बिचकून असत, कारण तो वाळताना काय करील याचा नेम नाही. लुसियन एर्कोलानी हा इटलीत जन्मलेला कारखानदार हाय वायकोम्बला खुर्च्या करीत असे. 1944 साली सरकारने त्याच्या एर्कोल कंपनीकडे एक लाख स्वस्त खुर्च्यांची मागणी नोंदवली. त्याने एल्म नीट वाळवण्याची रीत बसवली, आणि युद्धानंतर ज्या लाकडाला शवपेटीचं लाकूड म्हणून नाक मुरडत, त्याची टेबलं-खुर्च्या घरोघरी हौसेने गेली. लाकूड तेच. त्याला वेळ देणारा माणूस भेटला.

पण लाकडाची पत वाढते आहे तोवर झाडच गेलं. एल्मच्या रोगाला 'डच' म्हणतात, ते त्याचा अभ्यास हॉलंडात झाला म्हणून. 1922 साली बेआ श्वार्झ या संशोधिकेने तो बुरशीमुळे होतो हे दाखवून दिलं. सालीखाली राहणारे भुंगेरे ती बुरशी झाडोझाडी नेतात, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पडतात आणि भर उन्हाळ्यात पान करपतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीला उत्तर अमेरिकेतून आलेल्या ओंडक्यांबरोबर याच रोगाची अधिक जहाल जात ब्रिटनमध्ये उतरली आणि तिथले अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. पुढे रोगाला टक्कर देणारे वाण तयार करताना डच शास्त्रज्ञांनी आपल्या हिमालयातल्या एल्मचा संकर केला. काश्मिरात त्याला ब्रेन म्हणतात. तिकडे त्या झाडाच्या फांद्या गुरांच्या चाऱ्यासाठी छाटून छाटून तेही विरळ झालं आहे.

त्यांच्याकडे लाकडाला मान आहे आणि झाड उरलं नाही. आमच्याकडे झाड उभं आहे आणि लाकडाला मान नाही. हे मी बरीच वर्षं नुसतं मनात धरून होतो. 2019 च्या पावसाने त्याला निमित्त दिलं.

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेवर शिक्षक होतो, निवृत्तीनंतरही तिथे जाऊन-येऊन असतो. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी असतं तसं तिथे एकाच आवारात दोन शाळा आहेत, एक मराठी आणि एक कन्नड. दोन्हींच्या मध्ये एक जुना वावळा होता. मराठी पोरं वावळ्याखाली खेळत आणि कन्नड पोरं तपसीखाली, आणि मधल्या सुट्टीत बिया मात्र एकमेकांच्या हिसकावून खात. ऑगस्टात, पुराच्या त्या आठवड्यात, झाड मुळासकट आडवं झालं. नशीब, शाळा बंद होती.

झाड पडलं आणि ते कुणाचं, हा प्रश्न उभा राहिला. बुंधा कन्नड शाळेच्या बाजूला. मुळं मराठी शाळेच्या स्वयंपाकघराखाली गेलेली, तिथली फरशी उचललेली. मराठी शाळेचा पट कमी होत चाललेला, त्यामुळे आमच्याकडची माणसं आधीच दुखावलेली; आता झाडही जातं की काय, असा सूर निघाला. तिकडच्यांचं म्हणणं, झाड आमच्या दारात वाढलं. दोन्ही शाळांच्या समित्या बसल्या. एक व्यापारी आला, ओंडक्याला पायाने ठोकलं आणि म्हणाला, "ह्याला भाव नाही. जळणाच्या भावाने नेतो." ते पैसे अर्धे-अर्धे केले असते तर दोन्ही शाळांना मिळून एक कपाटही आलं नसतं. तरी बहुतेकांना तोच मार्ग सोयीचा वाटत होता. पैसा वाटून घेतला की भांडण मिटतं, आणि झाडाचंही नाव निघत नाही.

मी समितीत नव्हतो, पण जुना मास्तर म्हणून बोलावलं होतं. मी म्हटलं, विकण्याआधी एकदा जाणत्या माणसाला दाखवू. अण्णांना आणलं. तेव्हा त्यांचं वय चौऱ्याऐंशी, नजर अधू झालेली. मुलगा त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. मुलाचं काम प्लायवूड आणि सनमायकाचं, बेळगावातल्या फ्लॅटांमधली स्वयंपाकघरं करण्याचं. घन लाकडाला त्याने वर्षानुवर्षं हात लावला नव्हता.

अण्णांनी कापलेल्या तोंडावर तळवा फिरवला, वास घेतला. मग एका तरण्या पोराला पाचर आणि घण आणायला सांगितलं. पोराने घातले दहा-बारा घाव. पाचर अर्धी आत गेली आणि रुतून बसली; ना पुढे जाईना, ना मागे येईना. दोन्हीकडची माणसं हसली. अण्णा आधी कन्नडात आणि मग मराठीत म्हणाले, "हे फोडायचं लाकूड नव्हं. हे चिरायचं लाकूड हाय. आणि आठ दिवसांत चिरा, नाहीतर खरंच जाळा."

कन्नड शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, "चिरून करायचं काय?" अण्णा म्हणाले, "पोरं जमिनीवर बसून जेवतात न्हवं? बाकडी करा."

कागदपत्रं झाली, त्याची धावपळ दोन्ही मुख्याध्यापकांनी मिळून केली. नवव्या दिवशी ओंडके सॉ मिलवर गेले. सव्वा इंची फळ्या पडल्या. ओल्या असतानाच त्या टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवल्या आणि मग ताडपत्रीखाली काही आठवडे झाकून ठेवल्या. ओल्या लाकडात हे द्रव्य हळूहळू आत झिरपतं आणि भुंगेऱ्याला लाकूड बाधतं. उघड्या पावसात ते धुऊन जातं, म्हणून हा उपाय घरातल्या वस्तूंपुरताच. उघड्यावरच्या लाकडासाठी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1930 च्या दशकात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं 'ॲस्कू' हे मिश्रण शोधलं होतं आणि ते पुढे जगभर खांबांना वापरलं गेलं. पण त्यात आर्सेनिक असल्यामुळे पोरांच्या बाकड्यांना ते नकोच होतं.

मग फळ्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात रचल्या. दोन फळ्यांमध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या, वर दगडांचं वजन, ऊन नाही आणि वारा भरपूर. तोंडांना मेण लावलं, कारण लाकूड तोंडाकडून लवकर वाळतं आणि तिथून तडकतं. दोन-तीन फळ्यांवर निळे डाग पडले. डागाने ताकद फारशी जात नाही, दिसायला तेवढं वाईट. दोन फळ्या पिळून गेल्या. बाकीच्या राहिल्या.

होळीपर्यंत त्या हाताला हलक्या लागू लागल्या, आणि मार्च 2020 मध्ये सगळंच बंद पडलं. अण्णांच्या मुलाची शहरातली कामं थांबली. हातात काम नाही, घरात म्हातारा बाप, आणि व्हरांड्यात वाळलेल्या फळ्या. बंदी सैल झाल्यावर तो आला, आणि वडिलांचा जुना लाकडी रंधा घेऊन आला. सुरुवातीला तंतू उसवायचे, तो वैतागायचा. अण्णा खुर्चीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "पातं काढ, धार लाव. बारीक घे. आता फळी फिरव." ज्या मुलाला दुकानात बसायला सांगून सांगून ते थकले होते, तो पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडून रंधा धरायला शिकला. मजुरी दोन्ही गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिली. मला वाटतं, त्या वर्षी त्या घराला त्या पैशांचा आधार झाला. आणि अण्णांना पैशांहून दुसऱ्या कशाचा तरी.

अठरा बाकडी झाली, नऊ-नऊ. पायांचे सांधे पुरे कुसू घालून बसवलेले, एकही चीर गेली नाही. 2021 च्या ऑक्टोबरात लहान मुलं शाळेत परत आली, तेव्हा ती त्या बाकड्यांवर बसून जेवली. अण्णांनी ते पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

आता या सगळ्यावरून वावळा हे सागाच्या तोडीचं लाकूड आहे, असं कुणी समजू नये. ते तसं नाही. दाराला, चौकटीला, पावसात भिजणाऱ्या कशालाही ते घेऊ नका. घराच्या आत, कोरड्यात, बाकं, फळ्यांची मांडणी, पेट्या, पाट, कोरीव वस्तू यांना ते चांगलं आहे. तुमच्या परसात किंवा शाळेत एखादा वावळा, चिरोल किंवा कणजो वाऱ्याने पडला, तर जळणाला देण्याआधी एवढं करा: पावसात टाकू नका, साल काढा, आठवड्याभरात चिरा, टाकणखार पाजा आणि सावलीत पट्ट्या घालून सहा-आठ महिने विसरून जा. एवढं केल्यावरही बिघडलं, तर जाळायला ते आहेच.

आणि बाकड्यांचं म्हणाल, तर ती वाटणीही फार दिवस टिकली नाही. कार्यक्रम असला की कुठली कुणाची हे न बघता पोरं ती या शाळेतून त्या शाळेत ओढत नेतात. खाली कुणाचंच नाव घातलेलं नाही, त्यामुळे परत मोजायची सोयही नाही. पडलेल्या झाडाच्या जागी त्याच्याच बियांची दोन रोपं लावली आहेत. शिक्षकांनी पाटी करायची म्हटल्यावर पोरांनीच विचारलं, नाव काय लिहायचं? आम्ही दोन्ही लिहिली.